प्रायॉन-विकारांचे संशोधन व अनुदानाचा अर्ज : मुंबईच्या इतिहासातून एक विचार

१

इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट, शकावल्या, महजर व दफ्तरे ही साधने परिचित आहेत. पेशवे दफ्तरातील एखादा विनंती-अर्ज हाती आला म्हणजे अर्जदाराने काय मागितले, कोणत्या शब्दांत मागितले आणि सरकारातून त्यावर कोणता शेरा पडला, यांवरून त्या काळच्या राज्यव्यवहाराचे पुष्कळ ज्ञान होते. आपल्या स्वतःच्या काळातील एका विपुल लेखनप्रकाराकडे मात्र आपण साधन म्हणून क्वचितच पाहतो. तो प्रकार म्हणजे शास्त्रीय संशोधनासाठी केलेला अनुदानाचा अर्ज. अर्ज मंजूर झाला तर त्याचे फळ निबंधरूपाने ग्रंथालयात येऊन बसते. नामंजूर झाला तर कागद रद्दीत जातात. परिणामी विज्ञानाचा इतिहास हा बहुतांशी मंजूर झालेल्या अर्जांचा इतिहास ठरतो. जे विचारले गेले परंतु शोधले गेले नाही, त्याची नोंद कोठेच राहत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट रोगसमूहाच्या, म्हणजे प्रायॉन-विकारांच्या, संदर्भात करावयाचा आहे. हा विषय निवडण्याचे कारण असे की, ज्या रोगाची वाढ वर्षानुवर्षे गुप्तपणे चालते त्याच्या संशोधनासाठी पैसा मात्र तीन वर्षांच्या मुदतीने मागावा लागतो. रोगाचा काळ आणि अनुदानाचा काळ यांतील ही विसंगती मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात पूर्वीही दिसली आहे, आणि तिचे परिणाम आजही आपल्या उपनगरांतील संशोधनाला भोगावे लागतात.

प्रथम रोगाविषयी थोडे. मेंदूतील पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन स्वभावतःच असते. काही कारणाने त्याची घडी चुकली, तर ते चुकलेले प्रथिन शेजारच्या निर्दोष प्रथिनांनाही आपल्यासारखीच चुकीची घडी घालावयास लावते. ही साखळी वाढत जाऊन मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडतात आणि रोगी दगावतो. मेंढ्यांतील स्क्रेपी, गाईगुरांतील ‘मॅड काऊ’ रोग, न्यू गिनीतील फोरे लोकांत आढळलेला कुरू आणि माणसांत जगभर तुरळक आढळणारा क्रॉइट्सफेल्ट-याकोब विकार ही सर्व एकाच कुळातील रूपे होत. जंतू किंवा विषाणू यांप्रमाणे येथे जननद्रव्य आढळत नाही. केवळ प्रथिनच रोगकारक ठरते. या विकारावर आजतागायत उपाय सापडलेला नाही.

२

या सिद्धान्ताचा इतिहास हा एका परीने अनुदानाचाच इतिहास आहे. कार्लटन गायडुसेक यांनी १९५७ साली कुरूचे वर्णन प्रसिद्ध केले. विल्यम हॅडलो या पशुवैद्याने १९५९ साली कुरू व स्क्रेपी यांतील साम्य दाखवून दिले. त्यानंतर १९६३ साली कुरूने मेलेल्या रोग्यांच्या मेंदूचा अंश चिंपांझींना टोचण्यात आला. पहिला चिंपांझी आजारी पडण्यास दीड वर्षाहून अधिक काळ लागला, आणि त्याविषयीचा निबंध १९६६ साली बाहेर आला. मधल्या काळात दाखविण्याजोगे काहीही नव्हते. तरीही प्रयोग चालू राहिला, कारण गायडुसेक हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अंतर्गत संशोधक होते. त्यांना दर काही वर्षांनी परीक्षकांपुढे नवा अर्ज घेऊन उभे राहावे लागत नव्हते. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

स्टॅनले प्रुसिनर यांची स्थिती वेगळी होती. सॅन फ्रान्सिस्को येथे १९७२ साली क्रॉइट्सफेल्ट-याकोब विकाराच्या एका रुग्णेचा मृत्यू त्यांनी पाहिला आणि दोन वर्षांनी या विषयासाठी प्रयोगशाळा उभारली. त्या वेळी स्क्रेपीच्या एका नमुन्याची तीव्रता मोजावयाची तर सुमारे साठ उंदीर वर्षभर पाळून त्यांच्या मृत्यूची वाट पाहावी लागे. पुढे त्यांनी हॅमस्टर या प्राण्यावर पद्धती बसविली, तेव्हा चार प्राणी व सुमारे साठ ते सत्तर दिवस पुरू लागले. एका मोजणीचा काळ व खर्च असा खाली आला म्हणूनच पुढचे काम शक्य झाले. परंतु त्याच सुमारास हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेने त्यांचे साहाय्य पुढे चालू ठेवण्यास नकार दिला आणि विद्यापीठाने त्यांना कायमची नेमणूक देण्याचे नाकारले. हा दुसरा निर्णय पुढे फिरविण्यात आला. मधली पोकळी भरून काढण्यास जो पैसा उपयोगी पडला त्यात आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखूच्या कंपनीच्या देणगीचा मोठा भाग होता. ‘प्रायॉन’ हा शब्द १९८२ साली छापून आला, आणि नोबेल पारितोषिक १९९७ साली मिळाले.

या दोन उदाहरणांवरून परीक्षक मूर्ख होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हाती जो पुरावा होता त्यावरून प्रथिनच रोग पसरविते हे विधान धाडसाचेच होते. मुद्दा निराळा आहे. पुरावा यावयाचा तर काळ हवा, काळ हवा तर पैसा हवा, आणि पैसा हवा तर पुरावा हवा. हे चक्र ज्याने भेदले त्याने ते एकतर स्थिर नोकरीच्या बळावर भेदले, नाहीतर नेहमीच्या वाटेबाहेरच्या दात्याच्या बळावर.

३

मुंबईच्या इतिहासात या चक्राची दोन्ही रूपे सापडतात. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात ग्रंथिज्वराचा रोगी ओळखला. त्याच वर्षी हाफकिन मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनी खोजा समाजात लसीचा पुरस्कार केला व प्रयोगशाळेसाठी आपली जागाही दिली. १८९९ साली तर परळ येथील जुने गव्हर्न्मेंट हाऊसच प्रयोगशाळेच्या स्वाधीन झाले. अवघ्या तीन वर्षांत एवढे साहाय्य मिळाले, कारण रोगाची गती प्रचंड होती. शहर ओस पडत होते, व्यापार बंद पडत होता, लोक उत्तरेकडील गावांचा आश्रय घेत होते. वांद्र्याच्या जुन्या वस्तीतील प्लेगचे क्रूस त्या काळाची साक्ष आजही देतात. भय हाच येथे सर्वांत प्रभावी अर्ज ठरला.

याउलट स्थिती कुष्ठरोगाची होती. या रोगाचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ सालीच पाहिला होता. तथापि तो प्रयोगशाळेतील माध्यमावर वाढविता येत नव्हता. संसर्ग व लक्षणे यांमध्ये अनेकदा दोन ते वीस वर्षे जातात. मुंबईत १८९० साली निराधार कुष्ठरोग्यांसाठी माटुंगा-वडाळा भागात आश्रम निघाला तो म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी लोकवर्गणी जमविली म्हणून. मराठी अभ्यासकांना हे ॲकवर्थ शाळिग्रामांसमवेत पोवाड्यांचा संग्रह करणारे म्हणून परिचित आहेत. त्यांचा हा दुसरा उद्योग तितकाच स्मरणीय आहे. मात्र लोकवर्गणीतून आश्रम उभा राहतो, संशोधन उभे राहत नाही. रोग्याला अन्नवस्त्र देणे हे पुण्यकर्म म्हणून सर्वांस पटते. वीस वर्षांनी कदाचित उपयोगी पडेल अशा निरीक्षणाला पुण्याचा आधार नसतो.

१९११ साली स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनमुळे वैद्यकीय संशोधनाला नियमित सरकारी द्रव्याची वाट खुली झाली. तिचेच रूपांतर १९४९ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेत झाले. दरम्यान खासगी दातृत्वही संशोधनाकडे वळू लागले होते. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने निघालेल्या न्यासाने त्या रोगाच्या संशोधनास साहाय्य देण्याचे ठरविले. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. या मुलभूत संशोधन-संस्थेच्या योजनेत तत्काळ उपयोगाचे आश्वासन नव्हते. काही दशकांनी अणुशक्तीचा उपयोग होऊ लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, एवढेच म्हणणे होते. दीर्घ मुदतीचा अर्ज कसा लिहावा याचा तो वस्तुपाठ होय. पुढच्या वर्षी संस्था सुरू झाली.

४

प्रायॉनचा प्रश्न मुंबईत केवळ पुस्तकी नाही, हे दाखविणारे एक प्रकरण येथे सविस्तर सांगितले पाहिजे. सेंपल यांनी १९११ साली कसौली येथे पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर जी लस सिद्ध केली, ती प्राण्याच्या मेंदूपासून बनत असे. मेंढीच्या मेंदूत विषाणू टोचावयाचा, मेंढी रोगग्रस्त झाली म्हणजे तिचा मेंदू काढून वाटावयाचा आणि कार्बोलिक आम्लाने विषाणू निष्प्रभ करावयाचा, अशी ही रीत होती. परळच्या हाफकिन संस्थेत ही लस तयार होई. पोटात घ्यावयाच्या त्या चौदा सुयांची आठवण नाही असे जुन्या पिढीतील कुटुंब अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत क्वचितच सापडेल. या लसीने असंख्य प्राण वाचविले, यात संशय नाही. काही थोड्या लोकांना तिच्यामुळे मज्जासंस्थेचा विकार होई, हेही वैद्यांना ठाऊक होते. तो मेंदूतील द्रव्याविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिकाराचा परिणाम होता. त्याचा प्रायॉनशी संबंध नव्हता.

परंतु मेंढीचा मेंदू माणसाच्या शरीरात टोचण्यात दुसरीही एक शंका दडलेली होती. स्कॉटलंडमध्ये १९३५ च्या सुमारास मेंढ्यांच्या एका रोगावर मेंढ्यांच्याच मेंदू व प्लीहेपासून लस तयार करण्यात आली व ती फॉर्मालिनने निर्जंतुक केली होती. तिच्या एका घाण्यातील मात्रा ज्या मेंढ्यांना मिळाल्या, त्यांच्यात पुढे सुमारे दोन वर्षांनी स्क्रेपी दिसू लागली. फॉर्मालिनने हा रोगकारक घटक नष्ट होत नाही, हे या दुर्घटनेने कळले. तिचा वृत्तान्त गॉर्डन यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. इकडे १९६१ साली झ्लॉटनिक व कटियार यांनी हिमालयाच्या पायथ्याकडील मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याचे नोंदविले. ही दोन टोके जोडली म्हणजे उपस्थित होणारा प्रश्न स्पष्ट आहे. १९९१ साली सुभाष आर्य यांनी एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात तो उघडपणे मांडलाही. मेंदूपासून केलेल्या या लसीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाले.

येथे काटेकोर राहणे आवश्यक आहे. स्क्रेपी मेंढीपासून माणसाला होते असा पुरावा मिळालेला नाही. ज्या देशांत स्क्रेपी शतकानुशतके आहे व मांसही खाल्ले जाते, तेथे मानवी विकाराचे प्रमाण इतर देशांहून अधिक आढळत नाही. म्हणजे भयाचे कारण नाही. तथापि खाणे व टोचणे यांत अंतर आहे, आणि शंका निराधार आहे असे ठामपणे म्हणावयाचे तर लस घेतलेल्या व न घेतलेल्या लोकांत या विकाराचे प्रमाण किती, हे आकड्यांनी दाखवावे लागते. आकडे हवेत तर रोगनोंदणी हवी. आणि नोंदणीसाठी पुन्हा अर्ज.

५

आकडे नसण्याची किंमत कशी मोजावी लागते, हे २००५ साली दिसून आले. त्या वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात कोलचेस्टर पिता-कन्येने असा तर्क मांडला की, ब्रिटनमधील गुरांच्या रोगाचे मूळ भारतीय उपखंडातून खत व पशुखाद्यासाठी आयात होणाऱ्या हाडांत असावे. नदीत सोडलेल्या मानवी प्रेतांचे अवशेष त्या हाडांत मिसळले असावेत. ब्रिटनमध्ये हा रोग १९८६ साली ओळखला गेला होता आणि तो माणसांत संक्रमित झाल्याचे १९९६ साली जाहीर झाले होते. या तर्काला त्याच अंकात उत्तर दिले ते बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील शंकर व सतीशचंद्र यांनी. ज्या विषयाला इतके भौगोलिक, सांस्कृतिक व धार्मिक कंगोरे आहेत त्यात तर्क सावधपणे करावा, असे त्यांनी बजावले. त्यांच्या शब्दाला वजन होते, कारण क्रॉइट्सफेल्ट-याकोब विकाराच्या भारतीय रुग्णांची नोंद ते कित्येक वर्षे ठेवीत आले होते. १९७१ ते १९९० या काळातील रुग्णांचा वृत्तान्त त्यांनी १९९१ सालीच प्रसिद्ध केला होता. ज्या संथ, अनाकर्षक कामाला परीक्षक सहसा ‘नावीन्य नाही’ असा शेरा मारतात, त्याच कामाने एका देशाला प्रसंगी उत्तर देण्याचे सामर्थ्य दिले.

आता आपल्या परिसराचा हिशेब पाहू. मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली स्वतंत्र झाला. कुर्ला, अंधेरी व बोरिवली हे त्याचे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ आहे. या विकाराचे जागतिक प्रमाण दर दहा लाखांस दरसाल सुमारे एक ते दोन असे मानतात. त्या हिशेबाने एकट्या उपनगर जिल्ह्यात दरसाल निदान नऊ रुग्ण अपेक्षित आहेत. हा विकार बहुधा साठीच्या आसपास होतो व आपली लोकसंख्या तुलनेने तरुण आहे, हे ध्यानात घेऊन आकडा काहीसा कमी धरला, तरी तो शून्य होत नाही. असा रुग्ण प्रथम विसरू लागतो, मग त्याचा तोल जातो, अंगाला झटके येतात, आणि बहुधा वर्षाच्या आत, पुष्कळदा काही महिन्यांतच, तो जातो. घरचे लोक त्याला वार्धक्य म्हणतात, कोणी अर्धांगवायू म्हणतात. निश्चित निदानासाठी मेंदूची तपासणी लागते. परंतु आपल्याकडे अंत्यविधी लवकर उरकण्याची रीत आहे, आणि दुःखात बुडालेल्या कुटुंबापुढे शवविच्छेदनाची गोष्ट काढणे कोणाही वैद्याला जड जाते. प्रेताची चिकित्सा करणारेही बिचकतात, कारण नेहमीच्या उकळण्याने किंवा फॉर्मालिनने हा घटक मरत नाही. तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड व अधिक दाबाची, अधिक तापमानाची वाफ यांची तजवीज करावी लागते. अर्जातील खर्चाचा तक्ता येथेच फुगतो, आणि ‘रुग्ण किती?’ या रकान्यात लिहावयास आकडा नसतो.

६

तथापि निराश होण्याचे कारण नाही. ज्या मोजणीला साठ उंदीर व एक वर्ष लागे, ती आता पाठीच्या कण्यातील पाण्याच्या थेंबांवर काही दिवसांत करता येते. रोग्याच्या नमुन्यातील चुकीच्या घडीचे प्रथिन परीक्षानळीतील शुद्ध प्रथिनाला तशीच घडी घालावयास लावते व त्याची वाढ प्रकाशमापनाने दिसते. २०११ साली कण्यातील पाण्यावर ही पद्धती यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. यामुळे मृत्यूनंतरच्या परवानगीवाचून, रुग्ण हयात असतानाच, बऱ्याच खात्रीने निदान होऊ शकते. रोगाचा काळ बदललेला नाही. परंतु मोजणीचा काळ अनुदानाच्या मुदतीत बसू लागला आहे.

प्रथिनांच्या घडीचा अभ्यास करणारे लोकही आपल्या शेजारीच आहेत. अंधेरी व घाटकोपर यांच्या मधोमध असलेल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. समीर माजी व त्यांचे सहकारी कंपवाताशी संबंधित प्रथिन कसे गोठत जाते याचा अभ्यास करतात. त्यांचा यावरील एक महत्त्वाचा निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. कंपवात हा प्रायॉन-विकार नव्हे. परंतु एका प्रथिनाने दुसऱ्याला वळण लावावे ही प्रक्रिया दोहोंत सारखी भासते. म्हणून केवळ दुर्मिळ रोगाचे नाव न घेता, वार्धक्यातील सर्वसाधारण मेंदूविकारांशी असलेले त्याचे नाते दाखविणारा अर्ज हा लबाडीचा नसून शास्त्रदृष्ट्या रास्त अर्ज होय. भाभांनी १९४४ साली हेच केले होते. त्यांनी आजच्या उपयोगाचे खोटे आश्वासन न देता उद्याच्या गरजेचे खरे चित्र उभे केले.

या सर्व विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात असे मला वाटते. एक तर, मंदगती रोगांसाठी रोगनोंदणी हे संशोधनाचे पूर्वकर्म नसून स्वतंत्र संशोधनच आहे, असे अनुदान देणाऱ्यांनी मानले पाहिजे आणि त्यासाठी मुदतीचे वेगळे मान ठरविले पाहिजे. दुसरे असे की, उपनगरांतील रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये व प्रथिनशास्त्राच्या प्रयोगशाळा यांनी एकत्र अर्ज केल्यास एकाजवळ रुग्ण व दुसऱ्याजवळ साधने ही आजची फारकत दूर होईल. तिसरी सूचना इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विद्यापीठांनी नामंजूर झालेले अर्जही त्यांवरील शेऱ्यांसह, ठरावीक मुदतीनंतर खुले करण्याच्या अटीवर, जतन करावेत. कोणत्या काळाने कोणते प्रश्न विचारण्याजोगे मानले नाहीत, हे त्या कागदांवाचून कळणार नाही.

प्लेगच्या वर्षी मुंबईला पैसा सापडला, कारण मृत्यू दारात उभा होता. कुष्ठरोग्यांसाठी वर्गणी जमली, कारण त्यांचे दुःख रस्त्यावर दिसत होते. ज्या रुग्णाला त्याचे स्वतःचे घर वार्धक्याने खचलेला समजून निरोप देते, त्याच्यासाठी ना भय बोलते, ना दया. त्याच्या वतीने बोलणारा एकच कागद उरतो, आणि तो म्हणजे कोणीतरी चिकाटीने लिहिलेला, कदाचित एकदोनदा परत आलेला, अनुदानाचा अर्ज. तो लिहिणे हे वैज्ञानिकाचे काम आहे. तो नष्ट होऊ न देणे हे आपले.